सोळा तासांचा प्रवास किती तासांचा?

मागील अंक वाचकांच्या हाती पडल्यानंतर सांगलीहून एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ ७४ वर्षांचे, त्यांच्या पत्नी ७० वर्षांच्या. गृहस्थांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह असून रात्री दहाला इन्सुलिन घ्यावे लागते. काकूंचे गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगा न्यू जर्सीत असतो. सुनेच्या बाळंतपणासाठी जायचे असल्याने ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणण्याची सोय नाही. मुलाने दोन तिकिटे सुचवली आहेत. एक मुंबईहून न्यूयॉर्कला थेट, सुमारे सोळा तासांचे. दुसरे लंडनला विमान बदलून, एकंदर बावीस तासांचे. पत्रातला प्रश्न नेमका आहे: ‘अंतर तेवढेच असताना सहा तास अधिक का बसायचे?’

हा प्रश्न या वयातील अनेकांचा आहे. महाराष्ट्रातल्या गावोगावी आज अशी घरे आहेत, ज्यांचे नातवंड अटलांटिकच्या पलीकडे जन्माला येते. म्हणून या वेळचे सदर या एका प्रवासालाच देत आहे.

प्रथम अंतराविषयी. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात पाहिले तर वाटते की विमान अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि मग अटलांटिक असे सरळ पश्चिमेला जात असेल. पृथ्वीच्या गोलावर मात्र मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे वर चढतो, मध्य आशिया व रशियावरून स्कँडिनेव्हियाकडे जातो, आइसलँडच्या आसपासून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाकडे वळतो आणि कॅनडावरून खाली उतरतो. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग हा असा आहे. नातवंडांना सोबत घेऊन एकदा हा प्रयोग करून पाहावा. प्रवासाची भीती त्याने थोडी कमी होते, असा माझा अनुभव आहे.

आता लंडन. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५४०. बेरीज होते १२,७४०. म्हणजे लंडनला उतरल्याने वाट केवळ दोनशे किलोमीटरांच्या आसपास वाढते, पुण्याहून मुंबईला जाण्याइतकीदेखील नाही म्हटले तरी चालेल, कारण विमानाला ते पाव तासाचे काम आहे. अंतराच्या दृष्टीने दोन्ही तिकिटे एकच आहेत, हे पत्रलेखकांचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

परंतु अंतर आणि वेळ यांचे नाते आकाशात जमिनीसारखे साधे नसते. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने भागाकार केला तर साडेबारा हजारांना चौदा तास पुरायला हवेत. उरलेले दोन तास कोठे जातात? काही धावपट्टीवर रांगेत उभे राहण्यात, काही वर चढण्यात आणि उतरण्यात, आणि बरेचसे वाऱ्यात. उत्तर गोलार्धात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीवर असतो. म्हणूनच लंडन-न्यूयॉर्क जायला साधारण आठ तास आणि यायला सात. फेब्रुवारी २०२० मध्ये एका मोठ्या वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. याच्या उलटही घडते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या कित्येक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला आणि वेळ वाढला. दोरा ताणून दिसणारा मार्ग हा आदर्श मार्ग आहे. प्रत्यक्षातला मार्ग वारा, युद्धे आणि राजकारण ठरवतात. त्यामुळे प्रवासाच्या आठवड्यात तिकिटावरचा कालावधी पुन्हा एकदा पाहून घ्यावा. औषधांचा हिशेब त्यावर अवलंबून असतो, हे पुढे येईलच.

आता देहाचा हिशेब मांडू. तिकिटावर सोळा तास लिहिलेले आहेत. सांगलीहून मुंबई विमानतळापर्यंत मोटारीने आठ तास धरावे. विमानतळावर चार तास आधी पोहोचणे या वयात श्रेयस्कर. त्यात सोळा मिळवा. न्यूयॉर्कला पारपत्राची तपासणी आणि सामान यांत दोन तास, तेथून मुलाच्या घरापर्यंत दीड तास. बेरीज साडेएकतीस तास. यातले जवळजवळ सव्वीस तास बसून जातात, आणि ते बसणे विमानात नव्हे, सांगलीतच सुरू होते. विमानकंपनी सोळा तास मोजते. पायातल्या शिरा सगळे तास मोजतात.

बसण्यावर मी इतका भर का देतो, ते सांगतो. दीर्घकाळ पाय लोंबकळत ठेवून बसल्यास पोटरीतल्या खोल शिरांत रक्त साकळू शकते. त्याची गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. हा विकार विमानाबरोबर जन्माला आलेला नाही. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव चालू असताना लोक रात्र-रात्र भुयारी आसऱ्यात आरामखुर्च्यांवर बसून काढीत. त्यांच्यात फुप्फुसातील गुठळीने अचानक मृत्यू होऊ लागल्याचे कीथ सिम्पसन या वैद्यकतज्ज्ञाने त्याच वर्षी नोंदवले. पुढे १९५४ मध्ये अमेरिकी शल्यविशारद जॉन होमन्स यांनी विमान, मोटार अशा दीर्घ बैठकांनंतर झालेल्या गुठळ्यांकडे लक्ष वेधले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो, मग प्रवास विमानाचा असो, बसचा असो वा रेल्वेचा. घाबरून जाण्याचे कारण नाही. निरोगी माणसांत हे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक इतकेच आहे. पण ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, किंवा ज्यांची गुडघा अथवा खुब्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांच्यासाठी हा आकडा लागू नाही. त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

एक बारकावा काकूंसाठी. पाच फूट तीन इंचांहून कमी उंचीच्या व्यक्तींना विमानात हा धोका अधिक असल्याचे आढळले आहे. कारण उघड आहे: आसनाची उंची मोठ्या माणसांच्या मापाची, त्यामुळे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि मांडीच्या मागची शीर आसनाच्या कडेवर दाबली जाते. आपल्याकडच्या बहुसंख्य आज्या या मापात बसतात. पायाखाली एक छोटी, भरलेली पिशवी ठेवली की काम भागते. पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे उपयोगी पडतात, पण ते मापाचे असावेत आणि ज्यांच्या पायांच्या रोहिण्यांतला रक्तपुरवठा कमी आहे, विशेषतः दीर्घकाळच्या मधुमेहींनी, ते डॉक्टरांना पाय दाखवूनच घालावेत. केवळ प्रवासासाठी म्हणून मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. झोपेची गोळी घेऊन सात-आठ तास एकाच कुशीवर पडून राहणे तर मुळीच नको.

दर तासाला टाचा टेकवून चवडे उचलणे, मग चवडे टेकवून टाचा उचलणे, वीस-पंचवीस वेळा. दोन तासांनी एकदा उठून मागपर्यंत चालत जाणे. यासाठी आसन मार्गिकेच्या कडेचे हवे. खिडकीचा मोह नातवंडांसाठी ठेवावा. शेजारच्या परक्या माणसाला उठवायला नको म्हणून आपली पिढी दहा-दहा तास लघवी रोखून धरते, आणि ती रोखता यावी म्हणून पाणी पीत नाही. हा संकोच मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. विमानातल्या हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांहून कमी असते. तोंड, डोळे, त्वचा कोरडी पडते. त्यात पाणी तोडले तर चक्कर येते, बद्धकोष्ठ होते, प्रोस्टेटच्या रुग्णांना मूत्रमार्गाचा त्रास होतो. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. आपल्या मनाने वगळू नये. आणि एक गोष्ट संकोच सोडून लिहितो. विमानातले स्वच्छतागृह इतके अरुंद असते की त्यात लुगडे सावरणे ही कसरत होते. ज्या काकूंनी आयुष्यभर साडी सोडली नाही त्यांनीही या एका दिवसापुरता पंजाबी ड्रेस स्वीकारावा. पादत्राणे थोडी सैल असावीत, कारण पाय सुजतात आणि उतरताना बूट चढत नाहीत.

श्वासाचा विषय तितकाच महत्त्वाचा. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर असले तरी आतला हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो; तो सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका. कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे सोळा तास आपण कळसूबाईहून उंच ठिकाणी बसलेलो असतो. निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाणही तेथे थोडे उतरते आणि त्याला ते जाणवत नाही. पण ज्यांच्या बोटावरचे यंत्र घरीच ९५ हून कमी दाखवते, जे जिन्याच्या एका मजल्यावर थांबून दम घेतात, ज्यांना दम्याचा वा हृदयाच्या कमजोरीचा विकार आहे, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. घरचा प्राणवायूचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. बॅटरीवर चालणारे, विमानात चालण्यास मान्यता असलेले प्राणवायू-यंत्र नेता येते, मात्र कंपनीला आधी कळवून. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे प्रवासाच्या अपेक्षित कालावधीच्या दीडपट पुरतील इतक्या बॅटऱ्या जवळ असाव्यात, अशी अट कंपनी घालू शकते. सोळा तासांच्या उड्डाणाला चोवीस तासांच्या बॅटऱ्या! लंडनला थांबल्यास हा बोजा विभागता येतो, कारण मधल्या वेळेत त्या पुन्हा भारित करता येतात.

डोळ्यांच्या बाबतीत एक इशारा ठळकपणे द्यावासा वाटतो. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो पूर्ण जिरेपर्यंत विमानात बसायचे नाही. दाब कमी झाला की वायू प्रसरण पावतो. आठ हजार फुटांवर त्याचे आकारमान सुमारे एक तृतीयांशाने वाढते. पोटातला वायू फुगला तर अस्वस्थता होते, इतकेच. डोळ्यात फुगला तर दृष्टी जाऊ शकते. मोतीबिंदूच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत असा वायू साधारणपणे ठेवत नाहीत, तरी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

आता घड्याळाकडे वळू. मुंबईहून रात्री साडेबाराला सुटलेले विमान सोळा तासांनी न्यूयॉर्कला उतरते, तेव्हा आपल्या देहाच्या घड्याळात दुपारचे साडेचार वाजलेले असतात, आणि तेथे त्याच तारखेच्या सकाळचे सात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत दोन शहरांत साडेनऊ तासांचा फरक असतो, एरव्ही साडेदहाचा. म्हणजे उन्हाळ्यात जाणाऱ्याचा तो एक दिवस साडेतेहतीस तासांचा होतो. (गंमत अशी की १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांना न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने उडत जायला एवढेच तास लागले होते. आणि १९१९ मध्ये अल्कॉक व ब्राउन यांनी अटलांटिक प्रथमच न थांबता ओलांडला, तो जवळजवळ सोळा तासांत. आपले थेट विमान तेवढ्याच वेळात त्यांच्या चौपट वाट कापते.)

या लांबलेल्या दिवसाचा खरा अर्थ इन्सुलिन घेणाऱ्याला कळला पाहिजे. पत्रलेखक रात्री दहाला, निघण्यापूर्वी मुंबई विमानतळावर मात्रा घेतील. पुढची मात्रा चोवीस तासांनी, म्हणजे न्यूयॉर्कच्या दुपारी साडेबाराला. पण त्यांनी तेथील रात्री दहापर्यंत वाट पाहिली तर मध्ये साडेतेहतीस तास जातील आणि साखर चढेल. परतीच्या प्रवासात उलटे संकट आहे. न्यूयॉर्कच्या रात्री दहाला घेतलेल्या मात्रेनंतर भारतातले पुढचे रात्रीचे दहा केवळ साडेचौदा तासांनी वाजतात. घड्याळ पाहून पूर्ण मात्रा घेतली तर दोन मात्रा एकमेकींवर चढतात, आणि थकून झोपलेल्या माणसाची साखर झोपेतच खाली जाऊ शकते. जाताना चुकलेली मात्रा त्रास देते; येताना चुकलेली मात्रा जीव घेऊ शकते. म्हणून कागदावर दोन रकाने आखावेत, एकात भारतीय वेळ, दुसऱ्यात न्यूयॉर्कची; त्यावर जेवणे आणि मात्रा मांडून तो कागद किमान पंधरा दिवस आधी आपल्या डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्यावा. कोणती मात्रा किती कमी-जास्त करायची हे सदरात सांगणे योग्य नाही. ते ज्याचे त्याचे वेगळे असते.

इतर गोळ्यांसाठी साधा नियम चालतो. विमानात असेपर्यंत मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे आणि गोळ्या त्यानुसार घ्याव्यात. पोहोचल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू सरकवाव्यात. पार्किन्सनच्या रुग्णांनी मात्र घड्याळाकडे न पाहता दोन मात्रांमधले तासच मोजावेत. सर्व औषधे हातातल्या सामानात, मूळ वेष्टनात, मूळ औषधनाव लिहिलेल्या चिठ्ठीसह असावीत. इन्सुलिन पोटातल्या सामानात कधीही टाकू नये. तेथील थंडीत ते गोठून निकामी होऊ शकते. मधुमेही भोजनाची मागणी दोन दिवस आधी नोंदवली तरी दशम्यांची एक पुडी जवळ असावी. विमानातले जेवण आपल्या भुकेच्या वेळी येईलच असे नाही.

समुद्रावर काही झाले तर काय, हा प्रश्न वृद्धांपेक्षा त्यांच्या मुलांना जास्त छळतो. आयर्लंडचा किनारा सोडल्यापासून न्यूफाउंडलंडची जमीन दिसेपर्यंत साधारण साडेतीन-चार तास लागतात. खाली पाणी असले तरी वैमानिकाच्या मनात सतत एखादा विमानतळ असतोच: आयर्लंडमधला शॅनन, आइसलँडमधला केफ्लाविक, कॅनडातले गॅंडर आणि गूज बे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाले तेव्हा एकट्या गॅंडरला ३८ प्रवासी विमाने उतरली होती. तरीही समुद्राच्या मध्यावरून जमिनीवर उतरायला तास-दीड तास लागू शकतो. अशा उड्डाणांत प्राथमिक उपचारांची पेटी, हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र असते आणि कर्मचारी जमिनीवरच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकतात. त्या वेळी सर्वांत मोलाची वस्तू ठरते ती आपल्या खिशातला एक कागद. त्यावर आजार, चालू औषधे, ॲलर्जी, शेवटच्या ईसीजीची प्रत आणि मुलाचा दूरध्वनी असावा, इंग्रजीत. ‘एक पांढरी गोळी आणि एक गुलाबी’ एवढ्यावर कोणत्याही डॉक्टरला निर्णय घेता येत नाही. प्रवासाचा आरोग्यविमा काढताना जुने आजार लपवू नयेत, आणि विमा त्यांना लागू आहे की नाही हे लेखी पाहून घ्यावे.

आता पत्राचे उत्तर. या दांपत्याने लंडनमार्गे जावे, असे माझे मत आहे. त्यांचा हिशेब सहा तास अधिक बसण्याचा आहे; प्रत्यक्षात सलग बैठक सोळावरून साडेनऊवर येते आणि मधले चार तास चालायला, पाय वर करून पडायला, साखर तपासायला मिळतात. विमान कोठे बदलतो यालाही महत्त्व आहे. दुबईला बदलल्यास पहिला टप्पा जेमतेम तीन तासांचा आणि दुसरा सुमारे अकरा हजार किलोमीटरांचा, चौदा तासांचा उरतो. देहाच्या दृष्टीने तो थांबा फारसा कामाचा नाही. लंडन जवळजवळ मध्यावर येते. थांबा तीन तासांहून कमी नसावा, दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असावीत, तेथील ट्रान्झिट व्हिसाचा नियम आधी तपासावा, आणि व्हीलचेअर दोघांसाठीही तिकीट काढतानाच नोंदवावी. व्हीलचेअर घेणे म्हणजे अपंग ठरणे नव्हे. मोठ्या विमानतळावर दोन दारांमधले अंतर किलोमीटरभर असू शकते, आणि व्हीलचेअर ढकलणारा माणूस वाटाड्याही असतो. चालण्याची हौस दाराजवळ पोहोचल्यावर भागवता येते.

मात्र हाच सल्ला सर्वांना नाही. ज्यांची स्मृती ढासळू लागली आहे त्यांच्यासाठी थेट विमानच बरे. अनोळखी विमानतळ, अवेळी उजेड, पुन्हा तपासणी, बूट काढा, पट्टा काढा, या साऱ्याने अशी व्यक्ती सैरभैर होते, आणि सोबतचा माणूस सामान पाहू की आईला, अशा पेचात सापडतो. अशा व्यक्तीला एकटे पाठवू नये. विमानकंपनीच्या मदतीवर विसंबून तर नाहीच. ज्यांना आसनातून उठायलाही दुसऱ्याचा आधार लागतो त्यांच्या बाबतीतही विमान बदलण्याची दगदग थांब्याच्या फायद्यापेक्षा भारी ठरते.

आता मुला-सुनांसाठी. पोहोचल्यावर देहाचे घड्याळ दिवसाला साधारण एका तासाने सरकते. म्हणजे आठवडा ते दहा दिवस आई-बाबा रात्री दोनला टक्क जागे असतील आणि दुपारी चारला पेंगत असतील. सकाळ-संध्याकाळ त्यांना बाहेर उजेडात फिरवावे; दुपारची झोप अर्ध्या तासावर तोडावी. अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत झोपण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर असतात. अपरिचित घरात, अंधारात, अर्धवट झोपेत जिन्याकडे चालत जाणारी वृद्ध व्यक्ती पडते ती याच आठवड्यात. शक्य असल्यास पहिले दहा दिवस त्यांची झोपण्याची जागा खाली करावी, स्वच्छतागृहापर्यंत रात्रीचे दिवे लावावेत, वाटेतला गालिचा गुंडाळून ठेवावा. बाळंतपणासाठी बोलवायचे असेल तर नियोजित तारखेच्या किमान दोन आठवडे आधी बोलवावे. ज्या आजीला स्वतःलाच रात्र-दिवस कळत नाही, तिच्या हाती तान्हे बाळ रात्री सोपवणे तिच्यावर अन्याय आहे. याच दोन आठवड्यांत एका पायाला सूज, पोटरीत दुखणे, अचानक धाप किंवा छातीत कळ आली तर ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणून थांबू नये. तातडीच्या विभागात नेऊन विमानप्रवास झाल्याचे आपणहून सांगावे.

परतीचा प्रवास वाऱ्याच्या साहाय्याने तास-दीड तास कमी भरतो, पण देहाला तो अधिक जड जातो. पूर्वेकडे येताना दिवस आखूड होतो, आणि आपल्या आतल्या घड्याळाला दिवस लांबवणे जमते तितके आखूडणे जमत नाही. मुंबईत उतरल्यावर त्याच दिवशी सांगलीची गाडी धरण्याचा आग्रह ठेवू नये. एक रात्र मुंबईत किंवा पुण्यात नातेवाइकांकडे काढावी, साखर तीन-चार वेळा तपासावी, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी उतरून चालत घरी जावे. सत्यनारायणाची पूजा आणि भेटीला येणारी मंडळी यांना आठवडाभरानंतरची तारीख द्यावी.